१ जुलै १८६५ ची एक्स्पायरी

कुडाळला कोकणकन्या पकडून सकाळी सीएसएमटीला उतरलात आणि चालत हायकोर्टाच्या दिशेने निघालात, की शेजारी विद्यापीठाच्या आवारात एक उंच घड्याळाचा मनोरा दिसतो. राजाबाई टॉवर. २८० फूट उंच. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी त्याच्यासमोर सेल्फी काढलेला असतो, पण ही राजाबाई कोण, हे विचारलं तर गप्प. राजाबाई ही एका शेअर दलालाची आई. त्या दलालाचं नाव प्रेमचंद रायचंद. हिंदीच्या पुस्तकातले मुन्शी प्रेमचंद वेगळे, गल्लत करू नका. हे प्रेमचंद म्हणजे मुंबईच्या शेअर बाजाराचे पहिले खरेखुरे स्टार. आज तुम्ही मोबाइलवर ज्याला एफ अँड ओ म्हणता, त्याचा आजोबा शोभेल असा मुदतीचा सौदा त्यांच्या काळात मुंबईत जोरात होता, आणि त्याच सौद्याने एका तारखेला अख्ख्या शहराला झोपवलं.

ही गोष्ट तुम्हाला का सांगायची? कारण मंगळवार आला की मालवणात कट्ट्यावरच्या गजाली बदलतात. मासे, मॅच, परीक्षा सगळं बाजूला आणि विषय एकच, निफ्टीची एक्स्पायरी. कोणी घरच्यांच्या नावावरच्या डिमॅटवरून कॉल घेतो, कोणी टेलिग्रामवरच्या सरांच्या भरवशावर पुट घेतो. मुंबई-पुण्याच्या पोरांचाच हा नाद असेल असं वाटत असेल, तर सेबीचा सप्टेंबर २०२४ चा अभ्यास बघा. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या एक कोटीहून जास्त लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख रुपये. सगळ्यांचा मिळून १.८ लाख कोटींहून जास्त. तिशीच्या आतल्या ट्रेडरचं प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. आणि ७० टक्क्यांहून जास्त ट्रेडर मोठ्या ३० शहरांच्या बाहेरचे. म्हणजे आपल्यासारख्या गावांतले.

आता प्रेमचंदशेठकडे.

जन्म १८३१ चा, सुरतेचा. जैन कुटुंब. वडील रायचंद दीपचंद पोटापाण्यासाठी मुंबईत आले, तेव्हा हा मुलगा लहान होता. मुंबईत तो इंग्रजी शिकला, आणि हीच त्याची पहिली मोठी कमाई म्हणायला हवी. त्या वेळी बँका आणि कंपन्या इंग्रजांच्या, पैसा देशी व्यापाऱ्यांचा, आणि दोघांमध्ये बोलणारे दलाल. त्यातल्या बहुतेकांना इंग्रजी लिहिता-बोलता येत नव्हतं. प्रेमचंदना येत होतं. विशीच्या आसपास ते एका जुन्या दलालाच्या हाताखाली लागले आणि थोड्याच वर्षांत स्वतःच्या नावाने ओळखले जाऊ लागले. त्या काळी बाजार म्हणजे इमारत नव्हे. टाउन हॉलसमोर, आजच्या हॉर्निमन सर्कलजवळ, वडाच्या झाडांखाली दलाल जमायचे आणि तोंडी सौदे व्हायचे. प्रेमचंद सौदे कागदावर टिपत नसत, सगळं डोक्यात ठेवत, असं सांगितलं जातं.

मग एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तुम्ही म्हणाल, त्याचा मुंबईशी काय संबंध? संबंध कापसाचा. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कापसावर चालत होत्या. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि गिरण्यांचा कच्चा माल तुटला. मग लँकेशायरला आठवला हिंदुस्थानचा कापूस. त्याची निर्यात मुंबईतून. भाव काही पटींनी वाढले. लोकांनी गाद्या-उशा उसवून त्यातला कापूस विकल्याच्या गोष्टी त्या काळच्या मुंबईबद्दल अजून सांगतात. युद्धाच्या या वर्षांत मुंबईला नेहमीच्या कमाईच्या वर सुमारे आठ कोटी पौंड मिळाले असा अंदाज आहे.

इथे प्रेमचंदांचा डाव बघण्यासारखा आहे. मुंबईतला कापसाचा भाव लिव्हरपूलच्या भावावर ठरायचा आणि लिव्हरपूलची खबर आगबोटीने यायची. बोट बंदरात लागून टपाल वाटलं जाईपर्यंत सगळे वाट बघत बसायचे. प्रेमचंद मात्र आपली माणसं जलद होड्यांतून समोर समुद्रात पाठवायचे आणि खबर बोट धक्क्याला लागायच्या आधीच उचलायचे, असं सांगतात. आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. बांगडा कुठे लागलाय हे ज्याला आधी कळतं, त्याचं जाळं भरतं.

ही झाली माहितीची आघाडी. आता स्वतःला एक प्रश्न विचारा. आज निफ्टीच्या ऑप्शनमध्ये तुमची होडी कुठली? सेबीच्याच अभ्यासात आहे की २०२३-२४ मध्ये सामान्य ट्रेडर, खर्च धरण्याआधीच, ६१ हजार कोटी हरले. त्याच वर्षी ब्रोकर कंपन्यांचे स्वतःच्या पैशाने खेळणारे विभाग ३३ हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूक संस्था २८ हजार कोटी कमावून गेल्या. आणि त्यांचा जवळपास सगळा नफा अल्गो ट्रेडिंगमधून, म्हणजे कॉम्प्युटरने आपणहून लावलेल्या ऑर्डरींतून आला. तुम्ही चार्टवर हिरवी कँडल बघून बटण दाबता, तोवर त्यांची होडी जाऊन परत आलेली असते. हे घाबरवायला सांगत नाही. फक्त आपल्याला ज्यात आघाडी नाही त्या खेळात, म्हणजे मिनिटा-मिनिटाच्या स्काल्पिंगमध्ये, का घुसायचं, एवढाच मुद्दा आहे.

कापसाचा पैसा आला, पण तो जाणार कुठे? गिरण्या अजून थोड्याच होत्या. मग कंपन्या निघायला लागल्या. १ जानेवारी १८६५ ला मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था आणि ८ जमीन कंपन्या होत्या. शिवाय कापूस दाबण्याच्या, जहाजांच्या, विम्याच्या कंपन्या वेगळ्याच. त्यातली सगळ्यात गाजलेली बॅक बे रेक्लमेशन कंपनी. समुद्रात भराव घालून जमीन करायची योजना, आणि तिच्यामागे प्रेमचंदांचं डोकं. ५,००० रुपये भरलेल्या शेअरचा भाव ५० हजारांच्या पुढे गेला. जमीन अजून पाण्याखालीच होती, बरं का.

प्रेमचंदांनी एखाद्या कंपनीला हात लावला की भाव वर, अशी लोकांची समजूत झाली. नव्या कंपनीचे शेअर कोणाला द्यायचे हे बऱ्याचदा त्यांच्या शब्दावर ठरायचं, त्यामुळे त्यांच्या दारी रांग. वकील, डॉक्टर, सरकारी अधिकारी, गोरे साहेब, सगळे त्या रांगेत. डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव तुम्ही भायखळ्याच्या म्युझियममुळे ऐकलं असेल. मूळचे आपल्याच शेजारचे, पेडणे भागातले. कुष्ठरोगावर औषध शोधणारा, शिलालेख वाचणारा एवढा विद्वान माणूस, पण शेअरच्या त्या वेडात त्यांचेही पैसे बुडाले. हुशार माणूस फसत नाही असं वाटत असेल तर हे नाव लक्षात ठेवा.

आता थोडं तांत्रिक. कंटाळू नका, कारण सगळी गंमत इथेच आहे.

त्या काळी शेअर दोन प्रकारे घेता यायचा. एक, रोख पैसे देऊन. दुसरा, मुदतीच्या सौद्याने. म्हणजे आज भाव ठरवायचा, पण पैसे आणि शेअर यांची देवाणघेवाण पुढच्या एका तारखेला. आज खिशात काही नसलं तरी चालेल. त्या तारखेच्या आत भाव वाढला की सौदा दुसऱ्याला विकून फरक खिशात. आजच्या भाषेत हे फ्युचर. आपल्याकडे हापूसच्या बागेचा व्यवहार बघा. मोहर आला की व्यापारी येतो, फळ हातात यायच्या आधीच बागेची रक्कम ठरते. बागवाल्याला भाव पडण्याची भीती नको, व्यापाऱ्याला भाव चढण्याची नको. वायदा मुळात यासाठीच जन्मला. ज्याच्याकडे खरोखर माल आहे, त्याची जोखीम कमी करायला.

ऑप्शन त्याचाच धाकटा भाऊ. समजा तुम्ही बागवाल्याला थोडा विसार दिलात आणि ठरवलंत, की मे महिन्यात मला परवडलं तर याच भावाला घेईन, नाही परवडलं तर विसार तुझा. तुमचा जास्तीत जास्त तोटा किती? विसाराएवढा. हा विसार म्हणजे प्रीमियम. ऑप्शन विकत घेणारा विसार देतो, ऑप्शन विकणारा विसार घेतो. विकणाऱ्याला मिळणारी रक्कम ठरलेली असते, आणि तोटा कुठवर जाईल ते कोणी सांगू शकत नाही.

गडबड होते ती विसार स्वस्त वाटतो म्हणून. निफ्टी २५,००० वर आहे, लॉट ६५ चा, असं धरून चला. तुम्ही २५,१०० चा कॉल ४० रुपयांना घेतला. ४० गुणिले ६५, गेले २,६०० रुपये. हॉस्टेलच्या मेसच्या पैशात बसतंय. तुमचा अंदाज होता की निफ्टी वाढेल, आणि निफ्टी वाढलासुद्धा. एक्स्पायरीला २५,०८० वर बंद झाला. अंदाज बरोबर, आणि २,६०० रुपये शून्य. तो २५,१४० च्या वर गेला असता तरच तुम्ही फायद्यात. तेही ब्रोकरेज आणि कर सोडून. दिशा बरोबर असून हरणं हा ऑप्शनचा सगळ्यात मोठा धक्का, आणि नव्या पोरांना हेच कोणी सांगत नाही. कारण प्रीमियममध्ये वेळेची किंमत असते आणि ती रोज वितळते. बंदरावर टोपलीतल्या सुरमईवर टाकलेला बर्फ बघितलाय ना? सकाळी हळूहळू वितळतो आणि दुपारी बघता बघता पाणी. ट्रेडिंगच्या भाषेत त्याला थीटा म्हणतात. एक्स्पायरीचा दिवस म्हणजे ती दुपार. लोक नेमके त्याच दुपारी बर्फ विकत घेतात, कारण तेव्हा तो स्वस्त असतो.

फ्युचरची गोष्ट वेगळी. २५,००० गुणिले ६५ म्हणजे सव्वासोळा लाखांचा सौदा, आणि मार्जिन म्हणून तुम्ही समजा दोन लाख ठेवले. निफ्टी फक्त एक टक्का, म्हणजे २५० अंश, खाली आला की १६,२५० रुपये गेले. तुमच्या दोन लाखांचे आठ टक्के. बाजाराचा एक टक्का हा तुमचा आठ टक्के होतो. यालाच लिव्हरेज म्हणतात.

१८६४ च्या मुंबईत लिव्हरेज कसं होतं? इथे बँक ऑफ बॉम्बे येते. ही साधीसुधी बँक नव्हती, १८४० ची, सरकारचाही हिस्सा असलेली. १८६३ मध्ये तिची सनद नवीन झाली आणि कर्जावरची जुनी बंधनं सैल झाली. शेअर तारण ठेवून कर्ज मिळू लागलं. बँकेच्या कारभाऱ्यांवर प्रेमचंदांचं वजन इतकं, की ते ज्याला म्हणतील त्याला कर्ज. आता साखळी बघा. शेअर घेतला, तो गहाण टाकून कर्ज काढलं, त्या कर्जातून अजून शेअर घेतले. त्यामुळे भाव वाढला, तारणाची किंमत वाढली, म्हणून अजून कर्ज. वर जाताना ही शिडी छान दिसते. पण तारणही शेअर, खरेदीही शेअर आणि कर्ज देणाऱ्या बँकेचेही शेअर त्याच बाजारात. एकाच दोरीला सगळ्या होड्या बांधल्या होत्या. माझं मत विचाराल तर प्रेमचंदांची खरी चूक सट्टा ही नव्हेच. ही एकच दोरी, ही त्यांची चूक.

आजचा अवतार सांगू? निफ्टीचा कॉल, एका बँकेच्या शेअरचा कॉल, सेन्सेक्सचा कॉल. तीन वेगवेगळे ट्रेड घेतल्यासारखं वाटतं. तो एकच ट्रेड आहे, तिप्पट केलेला. आणि पैसे उधारीचे असतील, मित्राकडून, लोन ॲपवरून, किंवा घरात होडीच्या नव्या इंजिनासाठी किंवा होमस्टेच्या खोलीसाठी बाजूला ठेवलेले, तर तुमच्याही होड्या एकाच दोरीला आहेत.

९ एप्रिल १८६५ ला अमेरिकेत दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. युद्ध संपल्यात जमा. ही खबर मुंबईला पोहोचायला काही आठवडे लागले. कापूस कोसळला. कापसापाठोपाठ शेअर. पण खरा घोळ पुढे होता. मुदतीच्या सौद्यांचे ढीगच्या ढीग एकाच तारखेला पुरे व्हायचे होते. १ जुलै १८६५. घेणाऱ्यांनी चढ्या भावाला घ्यायचं कबूल केलेलं आणि पैसे कोणाकडेच नाहीत. सौदा आधी विकून बाहेर पडायचं म्हटलं, तर घेणारा कोण? मे आणि जून असेच गेले. रोज कोणीतरी मोठा व्यापारी बसला अशी बातमी. आणि १ जुलैला घेणारेही बुडाले आणि विकणारेही, कारण समोरचा पैसे देऊ शकत नसेल तर तुमचा कागदावरचा नफा काय चाटायचा? बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत गेलेला शेअर ८७ रुपयांवर आला. दिवाळखोरांची संख्या एवढी की त्यांचे हिशेब मिटवायला १८६५ चा २८ वा कायदा खास करावा लागला. मुंबईची लोकसंख्या १८६४ च्या गणतीत ८,१६,५६२ होती, १८७२ मध्ये ती ६,४४,४०५ भरली. तेजीत आलेली माणसं काम संपल्यावर निघून गेली. त्यांच्यात आपल्या पट्ट्यातले चाकरमानीही असणार. तेव्हा मालवण रत्नागिरी जिल्ह्यात होतं आणि कोकणातल्या माणसाला पोटासाठी मुंबईच होती.

आजच्या बाजारात १ जुलै तशीच होऊ शकेल का? तशीच नाही. आज मध्ये क्लिअरिंग कॉर्पोरेशन असते, ती दोन्ही बाजूंची हमी घेते. म्हणूनच मार्जिन आधी भरावं लागतं आणि फ्युचरचा तोटा रोज संध्याकाळी वळता होतो. जुलैपर्यंत साठत नाही. मार्जिन वाढवलं की आपण सेबीला शिव्या घालतो, पण मार्जिन नव्हतं तेव्हा काय झालं ते आत्ताच वाचलंत. नोव्हेंबर २०२४ पासून नव्या करारांचा आकार किमान १५ लाखांचा झाला आणि प्रत्येक एक्स्चेंजला एकाच निर्देशांकाची साप्ताहिक एक्स्पायरी ठेवायची मुभा उरली, ती याच काळजीने.

पण छोटी १ जुलै आजही होते, एकट्या माणसाची. निफ्टीचा हिशेब रोखीत मिटतो, पण एकेका कंपनीच्या शेअरवरचे फ्युचर-ऑप्शन एक्स्पायरीपर्यंत ठेवले तर प्रत्यक्ष शेअर द्यावे-घ्यावे लागतात. तुम्ही पाच हजारांचा कॉल घेतलात, तो फायद्यात आला, खूश होऊन झोपलात आणि एक्स्पायरी उलटली. आता पूर्ण लॉटचे शेअर घ्यायला काही लाख रुपये आणा. म्हणून शेअरचे ऑप्शन एक्स्पायरीच्या काही दिवस आधीच मोकळे करायचे. शेवटच्या आठवड्यात ब्रोकर मार्जिन वाढवत नेतो, त्याचंही कारण हेच.

मग काही जमण्यासारखं आहे की नाही? आहे, पण ते बोअरिंग आहे. ज्याच्याकडे खरोखर शेअर आहेत त्याने भीतीच्या काळात पुट घेणं, हा विम्यासारखा सरळ उपयोग. नुसता कॉल घेण्याऐवजी स्प्रेड करणं हा दुसरा. मघाचंच उदाहरण घ्या. २५,१०० चा कॉल ४० ला घेतला आणि २५,२०० चा १५ ला विकला. खर्च २५, म्हणजे ६५ च्या लॉटला १,६२५ रुपये. जास्तीत जास्त तोटा तेवढाच, जास्तीत जास्त फायदा ४,८७५. दोन्ही आकडे सौदा करण्याआधी माहीत. फक्त एक पथ्य, फायदा दिसला म्हणून घेतलेला पाय आधी विकून टाकू नका, कारण मग विकलेला कॉल उघडा राहतो. उघडा ऑप्शन विकणं म्हणजे रोज थोडा विसार गोळा करत जाणं आणि एका दिवशी सगळी बाग भरून देणं. यूट्यूबवर त्याला रोजची पगारी कमाई म्हणून विकतात, आणि तो एक दिवस व्हिडिओत नसतो.

स्टॉपलॉस मनात ठेवू नका, ऑर्डर म्हणून लावा. आपल्याकडे पावसात लाइट जाते, टॉवर बंद पडतो आणि तुम्ही मोबाइल वर धरून गच्चीवर फिरत असता, तेवढ्यात प्रीमियम निम्मा. ज्या ऑप्शनला घेणारेच कमी आहेत, त्यात मात्र स्टॉपलॉसचाही भरवसा नाही. भाव त्याच्यावरून उडी मारून जातो. म्हणून असल्या ऑप्शनच्या वाटेलाच जाऊ नका. एका ट्रेडमध्ये एकूण पैशाच्या एक-दोन टक्क्यांहून जास्त घालवायचे नाहीत, असा जुन्या लोकांचा नियम आहे. हिशेब करून बघा. ५० हजार असतील तर एका ट्रेडचा तोटा हजाराच्या आत. वरच्या स्प्रेडलाही १,६२५ लागतात. म्हणजे ५० हजारांवर हा खेळ बसतच नाही. ही गोष्ट ब्रोकरचं ॲप कधीच सांगणार नाही. आणि तोट्यातला ऑप्शन खाली अजून घेऊन सरासरी काढणं? शेअरमध्ये त्याला निदान वेळ असतो. इथे बर्फ वितळतोय.

अजून एक कोरडी गोष्ट, पण उपयोगाची. एफ अँड ओचं उत्पन्न किंवा तोटा हा धंद्याचा धरतात, त्यामुळे आयटीआर-३ भरावा लागतो. वेळेत भरला तर तोटा पुढची आठ वर्षं ओढता येतो. आणि आईच्या डिमॅटवरून ट्रेड केलात तर ती नोटीस आईच्या नावाने येणार.

प्रेमचंदांचं पुढे काय झालं? ते बुडाले. त्यांच्याशी जोडलेली एशियाटिक बँकिंग कॉर्पोरेशन १८६६ मध्ये गेली. बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. चौकशी आयोग बसला आणि बँकेचं भांडवल कसं गेलं ते सगळं बाहेर आलं. सचिवाचा कमकुवतपणा, संचालकांचं दुर्लक्ष आणि या सगळ्यावर प्रेमचंदांची सावली. त्यांना खलनायक ठरवणारे तेव्हाही होते. दानशूर महापुरुष म्हणून नुसती आरती ओवाळणारेही आहेत. मला दोन्ही पटत नाही. बुडालेल्या बँकेत ठेवीदारांचा आणि सरकारचा पैसा होता, हे विसरून चालत नाही. पण हा माणूस शहर सोडून पळाला नाही, हेही खरं. मालमत्ता धनकोंच्या हवाली झाली आणि तो पुन्हा दलालीच्या कामाला लागला. मोठी उडी नाही, साधी दलाली. कमिशनचं काम. दुसऱ्याने घ्यावं, दुसऱ्याने विकावं, आपण मध्ये. तीन वर्षांत सामान्य एफ अँड ओ ट्रेडरनी सुमारे ५० हजार कोटी रुपये नुसत्या खर्चापायी भरले आणि त्यातला निम्मा ब्रोकरेजचा, असं सेबीचा तोच अभ्यास सांगतो. दलालीचा धंदा १८७० मध्येही तगून होता, तो का, हे लक्षात येईल.

१८७५ मध्ये मुंबईतल्या देशी दलालांनी आपली संघटना बांधली, तिच्या संस्थापकांत प्रेमचंदांचं नाव घेतलं जातं. सभासद ३१८, प्रवेश फी एक रुपया. तीच पुढे मुंबई शेअर बाजार झाली. दलाल जिथे जमायचे त्या गल्लीला दलाल स्ट्रीट म्हणतात ते तुम्हाला माहीत आहेच.

आणि राजाबाई? तेजीच्या ऐन भरात, १८६४ मध्ये, प्रेमचंदांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख दिले. अट एकच, मनोऱ्याला आईचं नाव. आई दृष्टीने अधू होती आणि जैन रिवाजाप्रमाणे सूर्यास्ताआधी जेवायचं म्हणून तिला घड्याळाचे टोले ऐकू यावेत, अशी आख्यायिका आहे. बांधकाम सुरू झालं १८६९ मध्ये, म्हणजे देणारा बुडाल्यावर चार वर्षांनी, आणि पुरं झालं १८७८ मध्ये. कलकत्ता विद्यापीठालाही त्यांनी दोन लाख दिले होते. त्यातून प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती सुरू झाली आणि ती मिळणं बंगालमध्ये मोठा मान समजला जाई. आशुतोष मुखर्जींना ती मिळाली होती. अहमदाबादला त्यांच्या नावाचं शिक्षकांसाठीचं ट्रेनिंग कॉलेज निघालं. शेअरमध्ये ठेवलेलं बहुतेक सगळं गेलं. जे आधीच देऊन टाकलं होतं, ते मात्र धनकोंच्या यादीत आलं नाही.

३१ ऑगस्ट १९०६ ला प्रेमचंद गेले. १८६५ नंतर एक्केचाळीस वर्षं ते जगले, आणि त्यातली बरीचशी बाजारातच. बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्येच त्याच नावाने नव्याने उभी राहिली होती. १९२१ मध्ये ती इम्पीरियल बँकेत गेली आणि इम्पीरियलची १९५५ मध्ये स्टेट बँक झाली. बॅक बेमध्ये भराव घालून जमीन करण्याचं काम पुढे सरकारने केलं. त्या जमिनीवर आज मरीन ड्राइव्हच्या इमारती आहेत.